जामीन राहील कोण?

ऑगस्ट उजाडला की मराठवाड्यातली माणसं सकाळी पेपरात आधी एक चौकट शोधतात. जायकवाडी किती टक्के भरलं, वरून आवक किती, खाली विसर्ग किती. धरण भरत आलं की २७ दरवाजांपैकी किती उचलले हेही छापून येतं. आवक विसर्गापेक्षा जास्त झाली की पातळी चढते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुरुंगाचं गणितही एवढंच आहे. फक्त त्याची चौकट कुठे रोज छापून येत नाही. आणि धरणावरच्या अभियंत्याच्या हातात निदान दरवाजे तरी असतात. तुरुंगाच्या दरवाजाची किल्ली आतल्यांकडे असली, तरी तो उघडण्याचा हुकूम दूरच्या न्यायालयातून यावा लागतो आणि तो हुकूम अमलात यायला कधीकधी तलाठ्याच्या सहीपाशी थांबावं लागतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. हा आकडा आणि क्षमतेचा आकडा शेजारी ठेवून बघा. एकही पक्का, म्हणजे शिक्षा झालेला कैदी आत नसता, तरी नुसत्या कच्च्या कैद्यांनी देशभरातली जवळजवळ प्रत्येक जागा भरली असती. तुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिक्षा भोगणारा माणूस येतो. प्रत्यक्षात चारांतले तीन जण निकालाची वाट बघत असतात, आणि त्यातले कित्येक तर निकालाचीही नाही, नुसत्या पुढच्या तारखेची.

गर्दी म्हणजे काय, ते टक्क्यांत कळत नाही. एका बरॅकीत उभं राहून मोजावं लागतं. आदर्श कारागृह नियमावली सांगते की बरॅकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी. समजा बरॅक १८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे, म्हणजे १०८ चौरस मीटर. त्यात २९ माणसं बसतात. तिथे ७० ठेवली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड चौरस मीटर येतं. दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद पथारीची जागा नेमकी तेवढीच होते. म्हणजे झोपायला मिळतं, पण संडासाकडे जायची वाट उरत नाही. रात्री उठलेला माणूस दुसऱ्याच्या अंगावरून जातो आणि पुष्कळ मारामाऱ्यांचं मूळ तिथे असतं. त्या मारामाऱ्यांची चौकशी होते, शिक्षा होते, पण वाट कुणी मोजत नाही.

संडासाचंही तसंच. रात्रीसाठी दहा माणसांमागे एक असा हिशेब, म्हणजे २९ माणसांच्या बरॅकीला तीन. ७० जण त्याच तिघांवर आले आणि प्रत्येकाला पाच मिनिटं धरली, तर शेवटच्या माणसाचा नंबर लागायला दोन तास जातात. सकाळची गिनती, चहा, न्यायालयात जाणाऱ्यांची तयारी, सगळं त्या दोन तासांच्या मागे सरकतं. पाणी माणशी रोज १३५ लिटर धरलंय. २९ जणांना चार हजार लिटरच्या आत भागतं, ७० जणांना साडेनऊ हजार लागतं. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मे महिन्यात हे जास्तीचं पाणी कुठून येणार? मग आंघोळ दिवसाआड होते, कपडे आठवड्याने धुतले जातात आणि खरूज पसरते. खरजेचं औषध साधं आहे, पण ते एकट्यादुकट्याला देऊन काही होत नाही. अख्ख्या बरॅकीला एकाच दिवशी गळ्यापासून पायांपर्यंत मलम लावायचं, त्याच दिवशी कपडे-कांबळी उकळत्या पाण्यातून किंवा कडक उन्हातून काढायची आणि आठवड्याने तेच पुन्हा. दवाखान्याच्या रांगेत जो आला त्यालाच ट्यूब दिली, तर पंधरा दिवसांनी तोच माणूस तीच खाज घेऊन परत उभा राहतो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे नवी इमारत. इमारत वाईट नाही. पण जागा, निविदा, बांधकाम आणि नंतर त्यासाठी मंजूर होणारे शिपाई यांत वर्षं जातात, आणि तोवर आवकही वाढलेली असते. दुसरा उपाय म्हणजे बदली. जिल्हा कारागृह फुगलं की कैदी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलला पाठवायचे, हर्सूल फुगलं की आणखी कुठे. मराठवाड्यात मध्यवर्ती कारागृह ते एकच, त्यामुळे सगळे ओढे शेवटी तिकडेच वळतात. बदलीने एका तक्त्यातला आकडा खाली येतो आणि दुसऱ्यातला वर जातो. किनवटच्या बाईला नवऱ्याच्या मुलाखतीसाठी एक रात्र प्रवासात आणि एक मजुरी पाण्यात घालावी लागते, म्हणून ती येणं कमी करते. कच्च्या कैद्याचं तर याहून वाईट. त्याचा खटला मूळ तालुक्यात राहतो, तारखेला न्यायचं तर सोबत पोलिसांची तुकडी, म्हणजे पार्टी, लागते, बंदोबस्त असला की पार्टी मिळत नाही आणि तारीख पुढे जाते. व्हीसीवरून, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने, हजेरी लागते हे खरं, आणि नुसती तारीख पडायची असेल तेव्हा व्हीसी चांगलीच. पण साक्षीपुरावा सुरू असताना पडद्यावरच्या माणसाला वकिलाच्या कानाशी लागता येत नाही.

मग पातळी उतरते कशाने? समजा रोज बारा माणसं आत येतात आणि प्रत्येक जण सरासरी साठ दिवस राहतो. आत कायम ७२० जण असणार. आवक तीच ठेवून मुक्काम साठावरून पंचावन्न दिवसांवर आणला, तर आत ६६० राहतात. साठ माणसं कमी झाली, म्हणजे वर मोजलेल्या मापाच्या दोन बरॅकी मोकळ्या झाल्या, एकही वीट न रचता. हे पाच दिवस कुठे सापडतात? कागदांत सापडतात.

नवा माणूस बहुतेकदा संध्याकाळी येतो. दिंडी दरवाजातून वाकून आत, मग अंगझडती, अंगठ्याचे ठसे, उंची-वजन, अंगावरच्या खुणा, जवळच्या वस्तूंची नोंद, डॉक्टर. वॉरंटवरून नाव, कलम, पोलीस ठाणं, पुढची तारीख उतरवून घेतात. पहिली चूक इथेच होते. वॉरंटवर ‘बाळू’, आधारवर ‘बालाजी’. तीन महिन्यांनी सुटकेचा आदेश ‘बालाजी’च्या नावाने येतो आणि गेटवर अडतो, कारण आत बालाजी कुणी नाहीच. वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि गुन्हा क्रमांक पहिल्याच रात्री नीट जुळवून घेतला, तर ही अडचण येत नाही.

त्याच रात्री आणखी तीन तारखा काढून ठेवता येतात, आणि आमच्या मते तुरुंगातल्या कोणत्याही सुधारणेपेक्षा या तीन तारखांचं मोल जास्त आहे. पहिली, आरोपपत्राची मुदत. दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. मुदत संपली आणि आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण तो मागावा लागतो. अर्ज टाकण्याआधी आरोपपत्र दाखल झालं की हक्क गेला. त्यामुळे एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार हवा, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून चालत नाही.

दुसरी आणि तिसरी तारीख भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ची. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की कच्च्या कैद्याची जामिनावर सुटका, आणि पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळातच. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच आलेल्याची तारीख एका वर्षावर, दुसऱ्याची दीड वर्षावर. घरातल्या चोरीला सात वर्षं, तिथे दोन वर्षं चार महिने आणि साडेतीन वर्षं. तारीख भरली की न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकली आहे. संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली, आणि हे कलम जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. गोम एका ठिकाणी आहे. माणसावर एकाहून जास्त गुन्ह्यांचे खटले असतील तर हा लाभ मिळत नाही. एका रात्रीत तीन मोटारी चोरणाऱ्यावर तीन गुन्हे दाखल होतात आणि तो या कलमाबाहेर पडतो. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी, चारचाकी नव्हेत. अशा माणसाचा प्रत्येक गुन्ह्यात वेगळा जामीन अर्ज करावा लागतो. नाहीतर दोन गुन्ह्यांत जामीन होतो, तिसऱ्याचं कुणाच्या लक्षातच नसतं आणि सुटकेच्या दिवशी गेटवर कळतं की हा अजून एका प्रकरणात ‘वर्ग’ आहे, म्हणजे त्याही गुन्ह्यात कोठडीत आहे.

आता खरी अडचण. मराठीत जामीन म्हणजे सुटका, आणि जामीन म्हणजे माणूसही. ‘तो मला जामीन राहिला’ असं आपण म्हणतो. न्यायाधीश देतात तो पहिला जामीन. दुसरा स्वतःच आणावा लागतो. आदेशात ओळ असते की पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. त्या जामीनदाराला सातबारा, आठ-अ, आधार, रेशन कार्ड, फोटो घेऊन न्यायालयात उभं राहावं लागतं. काही ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखलाही मागतात, म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील असा फेरा. सातबारा चार भावांच्या सामाईक नावावर असतो, त्यावर सोसायटीचा बोजा असतो, किंवा तो अजून मेलेल्या आजोबांच्याच नावावर असतो.

आणि बीड, धारूर, केज, आष्टी, पाटोद्याकडे दिवाळीनंतर गावात माणूसच नसतो. कोयते ऊसतोडीला गेलेले असतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. भाऊ, मेहुणा, चुलता सगळे टोळीत. मुकादमाची उचल अंगावर असते, मध्येच फड सोडून जामीन राहायला यायचं तर खाडा पडतो. त्यामुळे नोव्हेंबरात मंजूर झालेला जामीन कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कागदावरच राहतो. बाहेरच्या माणसाला ही आकडेवारीतली किरकोळ बाब वाटेल. पण चार-पाच महिन्यांचा मुक्काम हा, आणि तोही न्यायालयाने ‘सोडा’ म्हटल्यानंतरचा.

ही गोष्ट नवी नाही. १९७८ साली मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एक गवंडी आला होता. खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची हमी नाकारली होती, कारण मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट मोडून काढली आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. त्याला आता जवळपास पाच दशकं होतील. ‘स्थानिक जामीनदार’ हे शब्द आदेशांत अजून दिसतात. लायक जामीनदार मिळत नाही म्हटल्यावर न्यायालयाच्या आवारात भाडोत्री जामीनदार मिळतात, खोट्या सातबाऱ्यासकट. ते पकडले गेले की तपासणी आणखी कडक होते, आणि त्या कडकपणाचा फटका खऱ्या सातबाऱ्याच्या गरिबालाच बसतो.

यावर वाट आहे, फक्त ती वेळेवर धरावी लागते. ३१ जानेवारी २०२३च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पायऱ्या घालून दिल्या आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात, तिथून कैद्याच्या हातात. जामीन मिळाल्याची तारीख तुरुंगांच्या ई-प्रिझन या संगणक प्रणालीत नोंदवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट सैल करू शकतं. जामीनपात्र गुन्ह्यात तर आठवड्यात जामीनदार देता आला नाही की तो माणूस निर्धन आहे असंच कायदा गृहीत धरतो. २०२३पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी मदत योजनाही आहे. २०२३च्या मूळ योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत ठेवली होती. मंजुरी जिल्हाधिकारी, विधी सेवा सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि न्यायाधीश यांची समिती देते. पण योजना पैसे देते, माणूस देत नाही. आदेशात ‘जामीनदार’ असेल तर आधी वकिलाने तो ‘रोख जामीन’ असा बदलून घ्यायचा, मगच प्रस्ताव. हा क्रम चुकल्याने प्रस्ताव परत येतात. वकील नसेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवेचा नंबर १५१००. हा नंबर बरॅकीच्या भिंतीवर सुविचारांच्या जागी रंगवला तर सुविचारांचं फारसं नुकसान होणार नाही.

म्हणून पहिल्या रात्रीच्या त्या नोंदीत चौथा प्रश्न हवा: तुला जामीन राहील कोण, आणि तो दिवाळीनंतर कुठे असेल?

सुटकेची तयारी हा शब्द आपल्याकडे पक्क्या कैद्यांपुरता वापरतात. शिवणकाम, सुतारकाम, बेकरी, मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा, दोन ऑक्टोबरची व्याख्यानं. सुटायची तारीख ठाऊक असलेल्या माणसासाठी ही रचना आहे. कच्चा कैदी उद्या सुटेल की दोन वर्षांनी, हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून त्याची तयारी कुणीच करत नाही, आणि बहुसंख्य तर तेच आहेत. त्याची तयारी पहिल्या पंधरवड्यातच उरकावी लागते. क्षयाच्या रुग्णाचं उदाहरण घ्या. दोन आठवड्यांहून जुना खोकला म्हणून बेडका तपासला, सहा महिन्यांचं औषध सुरू झालं, आणि दुसऱ्या महिन्यात माणूस अचानक जामिनावर गेला. निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, तुरुंगाच्या वहीत राहिला. गावच्या आरोग्य केंद्राला काही माहीत नाही, गोळ्या संपतात, आणि तो पुन्हा आत येतो तेव्हा जुन्या औषधाला न जुमानणारा क्षय घेऊन येऊ शकतो. तो क्रमांक पहिल्याच आठवड्यात त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीवर असला, तर फारसं कुणाचं काही जात नाही.

पक्क्या कैद्याची तयारी सहा महिने आधीपासून. आणि तिची सुरुवात हुनरापासून नको, मोबाइल नंबरापासून हवी. आत गेल्यावर सिम वापरात राहत नाही, काही महिन्यांनी बंद होतं आणि तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. बँकेचा, आधारचा ओटीपी आता त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, ते पुन्हा सुरू करायला केवायसी लागते. गाडी चालवायचा परवाना संपून वर्षाहून जास्त झालं, की पुन्हा चाचणी द्यावी लागते. रेशन कार्डावरून नाव कमी झालेलं असतं. बाप वारला असेल तर वारस नोंदीत याचं नाव लागलंय का, हे फेरफार काढल्याशिवाय कळत नाही. आधारचं शिबिर आणि तलाठ्याची एक भेट दहा व्याख्यानांना भारी पडते, पण शिबिराचा फोटो तितका चांगला येत नाही.

हुनराबद्दल एकच सांगायचंय. घनसावंगीला परत जाणाऱ्याला यंत्रमाग शिकवून उपयोग नाही, तिथे माग नाहीत. मोटार रिवाइंडिंग, ठिबकची जोडणी, दुचाकी दुरुस्ती, शेळीपालन या कामांना गावात गिऱ्हाईक आहे. प्रमाणपत्रावर तुरुंगाचं नाव मात्र नको. भांडवलाचा प्रश्न राहतोच. २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात बंद्यांना जातमुचलक्यावर सात टक्के व्याजाने पन्नास हजारांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली. घरच्यांची नड भागवायला, वकिलाची फी द्यायला असे पैसे उपयोगी पडतात.

मधला टप्पा पैठणला आहे. तिथल्या खुल्या कारागृहात उंच भिंतींऐवजी शेती आहे, आणि दिवसभर रानात काम करणारा कैदी संध्याकाळी आपल्या पायांनी परत येतो. बंद तुरुंगापेक्षा तिथे शिक्षेतली माफीही जास्त मिळते. खुल्या तुरुंगातली एक जागा भरली की बंद बरॅकीत एक पथारी मोकळी होते, म्हणून तिथली प्रत्येक रिकामी जागा दोनदा वाया जाते. निवडीत वर्तणूक बघतात, आणि रजेवरून माणूस वेळेवर परतला होता का हेही बघतात. रजांतही फरक आहे: संचित रजेचे (फर्लो) दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे (पॅरोल) धरले जात नाहीत. रजेच्या अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो आणि त्यात ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ हे ठरलेलं वाक्य येतं. ज्या गावात फिर्यादीचं घर समोरच आहे तिथे ते खरंही असतं. तिथे रजा नाकारण्यापेक्षा बहिणीच्या गावचा पत्ता देणं सोयीचं.

सुटकेच्या दिवशी खुणा आणि ठसे पुन्हा जुळवतात, वस्तू परत देतात, खात्यावरची मजुरी हातात देतात, गावापर्यंतचं भाडं देतात. संध्याकाळच्या बंदीनंतर, म्हणजे बरॅकींना कुलूप लागल्यावर, आलेला कागद सकाळी उघडतो. बंदीच्या जेमतेम आधी आलेला कागद मात्र माणसाला तिन्हीसांजेला हर्सूलच्या रस्त्यावर आणून उभा करतो, मध्यवर्ती स्थानकावरून गावची शेवटची एसटी गेलेली असते आणि खिशात मजुरीचे पैसे असतात. सकाळी सोडणं शक्य नसेल तर निदान घरी एक फोन आधी करावा.

जामिनावर जाणाऱ्याच्या हातात एकच कागद द्यायचा, मोठ्या अक्षरांत: पुढची तारीख, न्यायालय, वकिलाचा नंबर. पहिली तारीख चुकली की वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते, आणि गावात ही बातमी पसरली की त्या वाडीवरचं कुणी पुन्हा कुणाला जामीन राहत नाही. तारीख जानेवारीतली असेल तर तेव्हा टोळी कुठल्या कारखान्यावर असेल ते आत्ताच विचारून घ्यायचं, आणि हजेरी माफीच्या अर्जाचं वकिलाला दिवाळीआधीच सांगून ठेवायचं.